भामरे आणि त्यांचे बोलणारे जंतू

भामरे गेल्याचं मला पोस्टकार्डानं कळलं. त्यांच्या मेव्हण्यानं धुळ्याहून टाकलेलं, चार ओळींचं. सोमवारी सकाळी शाळेत निघताना छातीत कळ आली आणि उंबऱ्यातच संपलं. असलं कार्ड वाचून झालं की घरात ठेवत नाहीत. मी फाडलं, तुकडे फाटकाबाहेर टाकले आणि जळगावच्या आमच्या कॉलेजात गेले, कारण बी.एस्सी.चं प्रॅक्टिकल होतं. भामऱ्यांचं वय काय, तर बेचाळीस... स्टाफरूममध्ये सांगितलं तर निम्म्या लोकांना भामरे कोण हेच आठवेना. आठ दिवसांनी शोकसभा मात्र झाली. आमचे निवृत्त विभागप्रमुख मुद्दाम आले आणि म्हणाले की उत्तमराव भामरे हाडाचे संशोधक होते. मी पहिल्या रांगेत होते. उठावं आणि चारचौघांत विचारावं असं वाटलं, की साहेब, मग त्या हाडाच्या संशोधकाला तुम्ही दहा वर्षांपूर्वी कपाटाच्या किल्ल्या मागून घरी का पाठवलंत? पण मी उठले नाही. वेळेवर उठायची मला सवयच नाही.

भामरे आणि मी एकाच वर्षी डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो. ते सोनगीरजवळच्या खेड्यातले, घरी अहिराणी, कॉलेजात मात्र जपून, पुस्तकी मराठी. मला ते 'बाई' म्हणत, मी त्यांना नुसतं 'भामरे'. काळेसावळे, किडकिडीत, आणि हट्टी म्हणजे किती हट्टी! आपली काचेची भांडी ते कोणाला धुऊ द्यायचे नाहीत. शिपायानं हात लावला तरी डोळे वटारायचे. आम्ही त्यांना सोवळ्यातले भामरे म्हणायचो. त्यांना त्याचं काही नसे. चहाच्या सुट्टीत आम्ही बाकीचे पगारवाढ आणि सिनेमा यांवर तोंड वाजवत असू, तेव्हा हे गृहस्थ नळाखाली चंबू धरून उभे.

त्यांच्या विहिरीकाठच्या ओल्या मातीत त्यांना एक जंतू सापडला होता. वाढला की गर्द जांभळा व्हायचा, जांभळाच्या गरासारखा. असे रंगीत जंतू पुस्तकात होतेच, त्यात नवल नव्हतं. नवल भामऱ्यांनी वेगळंच धरलं. जंतू वाढवायच्या पातळ रश्श्यात थोडे जंतू सोडले की ते वाढत राहायचे, रस्सा दुधाळ व्हायचा, पण रंग नाही. तासन् तास रंग नाही. आणि दाटी एका मापाला पोचली की सगळेच्या सगळे जांभळे! एक आधी, एक मागून, असं नाही. भामऱ्यांना प्रश्न पडला की आपली गर्दी झाली हे त्या मुक्या जिवाला कळतं कसं? मग त्यांनी जुना जांभळा रस्सा पाणी गाळायच्या चिनी मातीच्या कँडलमधून गाळला. जंतू एकूण एक वर अडकले, खाली नुसतं स्वच्छ पाणी. त्याला ते 'निवळ' म्हणायचे. हे निवळ नव्या चंबूत ओतलं, त्यात मोजके जंतू सोडले... आणि ते मोजकेच असताना जांभळे झाले. म्हणजे जंतू पाण्यात काहीतरी सोडतात. गर्दी वाढेल तसं ते साठतं, आणि पुरेसं साठलं की प्रत्येकाला समजतं, आता आपण खूप आहोत. माझा हात धरून त्यांनी मला तो चंबू दाखवला, आणि पुस्तकी मराठी बाजूला पडली. "बाई, ह्या बोलतस एकमेकसंगे. बठ्ठा जमा व्हतस, मंग रंग येस."

स्टाफरूममध्ये हे फुटलं आणि त्यांचं हसं झालं. काय भामरे, आज काय म्हणतात तुमचे जंतू? आमचा नमस्कार सांगा. विभागप्रमुखांनी तर वर्गात पोरांसमोर थट्टा केली, की आपल्याकडे एक जण जंतूंच्या भानगडी चोरून ऐकतात. मीही हसले होते. खोटं कशाला बोलू? सगळे हसत असताना आपणच तोंड पाडून बसायचं, हे मला कधी जमलं नाही. पण प्रयोग मी सहा वेळा डोळ्यांनी पाहिला होता आणि सहाही वेळा तो बरोबर आला होता.

मग पुण्याचे एक प्राध्यापक आमच्याकडे येणार असं ठरलं. भामऱ्यांनी त्यांना पत्र लिहिलं होतं, आणि चक्क उत्तर आलं होतं. प्रयोग डोळ्यांसमोर करून दाखवा, पटला तर माझ्याकडे पीएच.डी.ला घेतो. भामऱ्यांची सगळी आशा त्या एका दिवसावर. मार्च संपत आलेला, जळगावचं ऊन पेटलेलं, नळाला एक दिवसाआड पाणी. आदल्या दिवशी भामरे पहाटेच्या एस.टी.नं धुळ्याला गेले, मेव्हण्याचा कोट आणायला. पुण्याच्या माणसासमोर बिनकोटाचं कसं उभं राहायचं! ते गेले आणि विभागप्रमुखांना स्वच्छतेचा झटका आला. पाहुणे येणार, सगळी काच चकचकीत दिसली पाहिजे, धुण्याच्या सोड्यात उकळून काढा म्हणाले. भामऱ्यांच्या भांड्यांना हात लावायचा नाही, हे मला ठाऊक होतं. मी एकदा तसं म्हटलंसुद्धा. साहेबांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती, जूनमध्ये कायम व्हायची होती. मी पदर खोचला आणि त्यांचे चंबूही सोड्यात घातले. विसळायला पाणी किती, तर एक बादली आणि भांडी शंभरावर. एकदा बुचकळून काढली आणि पालथी घातली. दिसायला लखलखीत दिसत होती! संध्याकाळी भामरे कोट घेऊन परतले, रांगेतली भांडी बघितली, मी धुतल्याचं सांगितल्यावर खूश झाले. तुम्ही धुतलीत म्हणजे काळजी नाही, म्हणाले. तापवून निर्जंतुक केली, आणि त्याच चंबूंत निवळ भरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी भामरे कोट घालूनच आले. कोट खांद्यांत ढगळ होता. सकाळी सहाला त्यांनी जंतू सोडले होते, दुपारी बारापर्यंत रंग यायला हवा होता. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले... सगळे चंबू पांढरेच. पाहुणे सज्जन होते, घड्याळाकडे चोरून बघत होते. भामरे चंबू उजेडाला धरत होते, खाली ठेवत होते, पुन्हा धरत होते. शेवटी विभागप्रमुख हसत म्हणाले, "भामरे, आज तुमच्या जंतूंचं मौनव्रत दिसतंय." पाहुणे चारच्या गाडीनं गेले. पुण्याहून पुन्हा पत्र आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. मी उरलेल्या निवळात फिनॉल्फ्थॅलीनचा एक थेंब टाकला. गुलाबी झालं. सोडा! काचेला राहिलेला सोडा रात्रभर त्या निवळात उतरला होता आणि जंतूंनी जे काही सोडलं होतं त्याची वाट लागली होती. भामरे खोटे नव्हते, माझं विसळणं खोटं होतं. मी ते मोरीत ओतलं आणि गप्प बसले. जूनमध्ये मी कायम झाले. भामऱ्यांना 'शिकवण्याकडे दुर्लक्ष' असा शेरा देऊन काढलं आणि ते धुळ्याच्या एका शाळेत लागले. साहेबांना मी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या, मनातल्या मनात. पण साहेबांनी नुसता हुकूम दिला होता. सोडा काय करतो, हे रसायन शिकवणाऱ्या मला कळायला हवं होतं.

पुढे चार-पाच वर्षांनी एका परदेशी नियतकालिकात वाचलं, की समुद्रातले चमकणारे जंतूही असंच करतात. गर्दी झाली की एकदम चमकतात, आणि त्यांनी पाण्यात सोडलेल्या पदार्थामुळेच चमकतात. मी ती पानं उतरवून काढली आणि धुळ्याला गेले. आज सांगायचंच, असं ठरवून गेले होते. भामऱ्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, दोनदा वाचलं. मग शांतपणे म्हणाले, "म्हणजे बाई, खोटं नव्हतं ते." मी म्हटलं, नव्हतंच. एवढंच म्हटलं आणि घरची चौकशी करत बसले. एस.टी.ची वेळ झाली म्हणून उठले. त्यानंतर भेट नाही.

तेरावा होऊन गेल्यावर मी परवा त्यांच्या बायकोला, सुमनवहिनींना भेटायला गेले. चहा झाला, कपबश्या घेऊन त्या मोरीशी बसल्या, आणि एकेक कप धुवायला लागल्या. एकदा, दोनदा, तीनदा. धुळ्यातही पाण्याची ओढच आहे. मी म्हटलं, वहिनी, एवढं कशाला विसळता? तर मान वर न करता म्हणाल्या, "ह्यांनीच लावलेली सवय. धुतलं तरी सोडा राहतो, म्हणायचे." कधीपासून, मी विचारलं. जळगाव सोडून आले तेव्हापासून, त्या म्हणाल्या. पाहुणे गेले त्याच संध्याकाळी त्यांनी एक चंबू तपासून पाहिला होता. घरी येऊन सगळं सांगितलं होतं. बोलले असते तर साहेब नामानिराळे राहिले असते, खापर तुमच्यावर फुटलं असतं, आणि तुमची नोकरी कच्ची, म्हणून बोलले नाहीत. मग सुमनवहिनींनी कप पालथा घातला आणि म्हणाल्या, "ताई, ते म्हणायचे, बाई आपणहून सांगतील एक दिवस. तोवर आपण विषय काढायचा नाही."

दहा वर्षं ते वाट बघत होते. आणि मी त्यांच्या समोर बसून मुलांची इयत्ता विचारून परत आले. मला त्यांचा राग येतो. चिडायचं होतं, भांडायचं होतं, तोंडावर सांगायचं होतं की बाई, तुम्ही माझं वाटोळं केलंत. मी ते सोसलं असतं. हे असं समजून घेणं मला सोसत नाही.

निघताना सुमनवहिनींनी पुन्हा चहाचं आधण ठेवायला घेतलं. मी नको म्हटलं. मोरीशेजारी फळीवर ते कप ओळीनं पालथे होते, तीन-तीनदा धुतलेले.