चालू गाडीतून मुलुंड

बोरिवलीहून मुलुंडला जायचं म्हणजे परदेशच. मधे आख्खं जंगल लागतं आणि तिकडचे लोक आपल्याला "लांबून आलात" म्हणतात. यंदा दसऱ्याला मी आणि आई तिथे गाडीने जाऊन आलो. इंजिन एकदाही बंद करायचं नाही, या अटीवर.

जायचं कारण म्हणजे मावशी. गेल्या वर्षी तिच्या गणपतीत आई सोलकढी पिऊन म्हणाली, "ताई, पाणचट झालीय." झालं! दोघी सख्ख्या बहिणी, तेव्हापासून फोन बंद. यंदा जन्मात पहिल्यांदा आम्ही तिच्या गणपतीला गेलो नाही, आणि ते पाच दिवस आई विनाकारण भांडी आपटत होती. "दसऱ्याला सोनं देऊन येते. घेतलं तर घेतलं, नाहीतर संपलं आमचं," तिनं जाहीर केलं.

पण गाडी पावसाळाभर जागची हललेली नव्हती. चावी फिरवली तर नुसतं कट-कट. बॉनेट उघडलं आणि मी हात जोडले. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा खार साचलेला, वर खंडेनवमीचं हळद-कुंकू, झेंडूचं फूल आणि तीर्थाचे ओघळ. आदल्या दिवशी आईनं गाडीची पूजा अगदी आतून केली होती.

खालच्या मजल्यावरचे सावंतकाका स्वतःची गाडी आणि दोन बॅटऱ्या जोडायच्या वायरी घेऊन धावले. "अंगठी, बांगड्या काढ आधी. धातू टेकला तर ठिणगी उडते. लाल वायर अधिकला. काळी सगळ्यात शेवटी, आणि तीही तुझ्या बॅटरीला नाही, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला." तेवढ्यात आई निरांजन घेऊन ओवाळायला आली.

"वहिनी, दिवा मागे! बॅटरीतून गॅस निघतो, भडका उडेल!"

"देवाच्या दिव्यानं कुणाचं वाईट झालंय का कधी?"

"देवाचं बरोबर आहे हो, पण भडका माझ्या तोंडावर उडेल ना!"

गाडी सुरू झाली. काकांनी बजावलं, "एसी, गाणी, सगळं बंद ठेव. आणि मुलुंडपर्यंत इंजिन बंद करू नकोस. बॅटरी म्हातारी आहे, परत उठेल याची खात्री नाही."

आईनं ते जरा जास्तच मनावर घेतलं. हॉर्नलाही बंदी. हायवेवर ती खिडकीतून अर्धी बाहेर निघून ओरडत होती, "ए बाजू! बाजू हो रे मेल्या!" लोक खरंच बाजूला होत होते. पेट्रोलचा काटा खाली आलेला, पण पंपावर इंजिन बंद करावं लागतं, म्हणून पंप आला की मी दुसरीकडे बघायचे.

गोरेगावला वळून आरेत शिरलो तेव्हा कुठे जिवाला गारवा मिळाला. झाडांखाली आदिवासी बायका आपट्याच्या डहाळ्या घेऊन बसल्या होत्या. एकीनं नाक मुरडलं. "गाडी बंद कर ना बाय, धूर येतोय."

"बंद केली तर आजचा मुक्काम तुमच्याकडेच," मी म्हटलं. तिनं घाईघाईनं सोनं खिडकीतून आत दिलं. पुढे एक म्हैस रस्त्यात उभी होती, तिला मात्र आईचं "बाजू" कळलं नाही. तिचं आवरेपर्यंत थांबलो.

मुलुंडला मावशीच्या बिल्डिंगखाली पोचलो. लिफ्ट नाही. मावशी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत.

"इलंस?" (आलीस?) तिनं वरूनच विचारलं.

"गाडी बंद करता येत नाही. तूच खाली ये," आई जागेवरून हलेना. मला कळलं, बाईला झकास सबब मिळालीय.

"माझे गुडघे दुखतत. मी येवचंय नाय!" (येणार नाही!)

"मग मी सोनं वॉचमनकडे ठेवते!"

एवढं जंगल ओलांडून आलो ते वॉचमनला सोनं द्यायला? मावशीनं खिडकीतून आणखी वाकून खाली बघितलं. मग म्हणाली, "सोलकढी केलंय. घट्ट. पण तुका कशाक सांगतंय मी!" (तुला कशाला सांगतेय!) आणि खिडकीतून आत गेली.

आईनं मांडीवरची आपट्याची डहाळी उचलली. मग तिनं हात लांब केला आणि चावी फिरवली. इंजिन गप्प.

"आई! आता गाडी सुरू कशी होणार?"

"नाही होणार. राहायला लागेल," असं म्हणून ती उतरली आणि जिना चढायला लागली.

वर मी पोचले तेव्हा दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि त्यातच एकमेकींना वजनावरून बोलत होत्या. सोलकढी पाणचटच होती. आई तीन वाट्या प्यायली.

संध्याकाळी शेजाऱ्यांच्या गाडीवरून आमची सुरू करायची ठरली. गुडघे विसरून मावशी खाली आली, हातात निरांजन. मी तोंड उघडायच्या आत आईच ओरडली, "ताई, दिवा मागे! भडका उडेल!"

घरी आल्यावर सावंतकाकांनी हातमोजे घालून, वायरी सोडवून, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून बॅटरीची टोकं घासली आणि वर व्हॅसलिन चोपडलं. "आता पूजा बाहेरूनच. आणि उभी ठेवली की बॅटरी मरते. आठवड्यातून एकदा तरी लांब फिरवा तिला."

"लांब म्हणजे किती?" आईनं विचारलं.

"अर्धा-पाऊण तास तरी."

आईनं मान डोलावली. मग मला म्हणाली, "दर रविवारी मुलुंडला जात जाऊ. बॅटरीसाठी म्हणतेय हो मी."