खोबरेलाचा वास

"हात हुंगूक दी," म्हणत मेस्त्री समोरच्याचा हात धरून थेट नाकाशी नेत. त्यांच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये शिरायचं तर ही परीक्षा. तेलाचा वास आला की बाहेर बादली आणि साबण. ऑक्सिजनच्या सिलिंडरला तेल लागलं तर भडका उडायला काडीही लागत नाही, हे त्यांनी विजयदुर्गच्या रस्त्यावरच्या प्रत्येकाला सांगून झालं होतं.

शेडला लागून माझं हार्डवेअरचं दुकान. आमच्याकडचा खारा वारा तुम्हाला ठाऊक आहे, सगळं गंजतं. त्यावर आमचं औषध एकच, खोबरेल. बिजागरीला, कुलपाला, गुडघ्याला.

एका दुपारी मेस्त्री जेवायला गेले होते. ऑक्सिजनच्या काळ्या सिलिंडरचा वॉल्व्ह सकाळपासून कुरकुरत होता. शेजारधर्म म्हणून मी त्याला बोटभर खोबरेल लावून आलो. परीक्षा हाताची असते, वॉल्व्हची नाही, एवढी माझी अक्कल.

मेस्त्री आले. वॉल्व्हकडे गेलेला हात मध्येच थांबला. वाकून त्यांनी वास घेतला.

"तेल कोणी लावल्यान?"

होडीचं सुकाणू जोडून घ्यायला आलेले दोघे एकमेकांकडे बघू लागले. मी दुकानात खिळे तोलत राहिलो.

तेल लागल्याची चिठ्ठी बांधून त्यांनी सिलिंडर परत पाठवला. सुकाणू तसंच राहिलं. होडीवाले कुरकुरत गेले. संध्याकाळी मेस्त्री दुकानात आले, माझा हात उचलून हुंगला, पुन्हा काउंटरवर ठेवला आणि गेले. कुणाला काही बोलले नाहीत. मात्र त्यानंतर माझा हात त्यांनी कधी मागितला नाही. हात हुंगवल्याशिवाय आत जाणं मलाही जमेना. चार वर्षं आमचं बोलणं उंबऱ्यावरून चाललं, पावसाचं आणि बांगड्याच्या भावाचं.

गेल्या वर्षी त्यांची फुप्फुसं थकली. घरी खाटेशेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर आला, काळाच, पण पांढऱ्या खांद्यांचा. मी पडवीत तीनदा हात धुतले आणि दारातच उभा राहिलो.

"मेस्त्रीनू, ता तेल मीच लावलेलंय."

त्यांनी मास्क जरा बाजूला केला. "माका म्हायत आसा. हात हुंगूक दी."

दिला. बराच वेळ हुंगला त्यांनी.

"बस हंय," खाटेची कड दाखवत म्हणाले.

आठवड्याने गेले. मला रडू आलं नाही. घरचे म्हणाले, येईल. अजून आलेलं नाही.

शेडला कुलूप आहे. ते गंजतंय. मी त्याला तेल लावत नाही. सकाळी दुकान उघडण्याआधी साबणाने हात धुतो आणि काउंटरवर ठेवून बसतो.