चप्पल तरी काढायचीस

मुलुंडला आमच्या दारात आई रोज सकाळी सहाला रांगोळी काढायची. ठिपक्यांच्या नमुन्यांच्या तिच्या अकरा वह्या होत्या, लग्नापासून जपलेल्या. फरशीवरच्या एका मोठ्या रांगोळीसाठी त्या मी मागितल्या तेव्हा तिनं एकच विचारलं, "लोकांनी पाय कुठे ठेवायचे?"

"कडेकडेनं," मी म्हटलं. धडधडीत खोटं.

घाटकोपरच्या एका मॉलनं मला काम दिलं होतं. फरशीवर प्रकाशाची मोठी रांगोळी, वर कॅमेरा. कुणी तिच्यावर पाय ठेवला की ती मोडणार आणि त्या पावलांभोवती एआय नवी काढणार. सगळा खेळ पायांचाच होता.

एआयला शिकवायला आईच्या वह्या लागल्या आणि आईसुद्धा. चार महिने ती माझ्या लॅपटॉपशेजारी बसली. "रेघ ठिपक्याला वळसा घालून जाते, त्याला चिरडत नाही, सांग हिला." मी वैतागले की म्हणायची, "शिकेल गं. तूही अशीच चुकायचीस." इतकी खुशीत मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

उद्घाटनाला ती शेजारच्या दोघींना घेऊन आली, ठेवणीतली साडी नेसून. दारातल्या फलकावर लिहिलं होतं, 'भारतीय स्त्रीची सामूहिक स्मृती'. सामूहिक कसली डोंबलाची! माझ्या आईच्या वह्या होत्या त्या. पण तो मजकूर मीच मंजूर केला होता.

लोक आले. वाकून बघत होते, वाहवा करत होते आणि कडेकडेनं पुढे जात होते. एकानंही पाय ठेवला नाही. कॅमेरा, प्रकाश, वेग, सगळं मी दहादा तपासलं होतं. आपली माणसं रांगोळीवर पाय देत नाहीत, हे काय मला माहीत नव्हतं? माहीत होतं, म्हणून तर आईशी खोटं बोलले होते.

मॉलचा मॅनेजर कानाशी आला. "मॅडम, वाट लागली ना यार. तुम्हीच सुरुवात करा."

मी सरळ मधोमध जाऊन उभी राहिले. रांगोळी फुटली, पायांभोवती कमळं उमलली, टाळ्या पडल्या. मग सगळेच आत घुसले, पोरं उड्या मारायला लागली. मी आईकडे पाहिलं. ती माझ्या पायांकडे बघत होती.

परतताना रिक्षात, भांडुप आलं तेव्हा ती म्हणाली, "छान झालं. चप्पल तरी काढायचीस गं."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून मी कामाला बाहेर पडल्यावरच ती रांगोळी काढते. गेल्या आठवड्यात चार्जर विसरले म्हणून मी परत वर आले. ठिपके मांडून झाले होते, तिच्या चिमटीत रांगोळी होती.

"राहू दे, मी कडेनं जाते," मी म्हटलं.

तिनं ओलं फडकं केव्हाच उचललं होतं. "थांब, पुसते. मग ये."