सुमनकाकूंची फुंकणी

सुमनकाकू कोणतीही गोष्ट वाजवून घेत. भोपळा, माठ, दुकानाचं शटर, काहीही. नाचणगावात माझं वेल्डिंगचं दुकान आहे, तिथे त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा तयार उभ्या असलेल्या गेटवर त्यांनी बोटाचं पेर ठोकलं, कान तिरपा केला आणि म्हणाल्या, "हे पक्कं आहे." मग त्याच पेरानं माझ्या कपाळावर ठोकलं. "हे कच्चं आहे." मी चाळिशीतला, दोन लेकरांचा बाप. राग यायला हवा होता, पण हसूच आलं.

काकू साठीच्या पुढच्या. लुगड्याखाली पुरुषांचे बूट, कारण चपलेनं क्लच नीट दबत नाही. भोपळा, कारली, पडवळ अशी मांडवावरची भाजी त्या पिकवायच्या आणि काकांच्या मागे राहिलेल्या जुन्या डिझेल गाडीतून रोज पुलगावच्या बाजारात स्वतः न्यायच्या. मागची सीट काढून तिथे पोती रचलेली असत. पण गाडीचा दम गेला होता. एकदा भरल्या पोत्यांनिशी ती पुलाच्या चढावर बंद पडली आणि मागे घसरली. कोणाला लागलं नाही, पण मुलगा गजानन घाबरला. आई, आता माल मी माझ्या टेम्पोतून नेईन, तू किल्ली दे, असं त्याने सांगून टाकलं.

"गजू म्हणते, घरी बस. घरी बसून काय करू? भिंती मोजू?" काकू मला सांगत होत्या. "म्या म्हटलं, भरली गाडी पुलाच्या चढावर तिसऱ्या गिअरात चढली तं पुन्हा नाव काढायचं नाई. नाई चढली तं किल्ली तुही."

एवढं बोलून त्यांनी टेबलावर एक गंजलेली जड वस्तू आदळली. गोगलगाईच्या शंखासारखी. जाम गावच्या भंगारवाल्याकडून, कुठल्याशा मोडक्या गाडीतून काढून आणलेला टर्बो.

"हे काय काकू?"

"फुंकणी. जो धूर फुकट बाहेर जाते, त्याच्यानं आतली चकरी फिरते. चकरी इंजिनात हवा कोंबते. चूल फुंकली का भडकते ना? तसंच."

मी म्हटलं, मी गेट बनवतो, खिडक्यांच्या जाळ्या बनवतो. हे मेकॅनिककडे न्या.

"नेलतं. तो म्हणे ह्या गाडीले टर्बो येतच नाई. अरे, येत नाई म्हणून तं बनवाचा आहे! तू लोखंड जोडतं ना? मंग?"

त्यांच्या त्या 'मंग?'पुढे कोणाचं चालत नाही. मी टर्बो ठेवून घेतला. पण खरं सांगतो, त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. आयुष्यभर सरळ पट्ट्या जोडल्या, आता काहीतरी फिरणारं, शिट्टी मारणारं आपल्या हातून होणार होतं! कितीतरी वर्षांनी दुकान उघडायची घाई झाली.

हवेचा पाइप इंजिनाच्या गर्दीतून कसा न्यायचा हे काही जमेना. काकू शेतात गेल्या आणि लांबलचक पडवळ घेऊन आल्या. बॅटरीच्या बाजूने, पंख्याच्या वरून, असं वाकवत त्यांनी ते इंजिनात बसवलं. "पाह्य, अशी वाट आहे." मी ते जपून काढून खिळ्याला टांगलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मापाने पाइप कापून जोडला. बसवायला गेलो तर चार बोटं तोकडा! पडवळ उन्हाने आकसलं होतं. काकू पोट धरून हसल्या. "भाजी अन् माप तवाच्या तवा घ्यावं, मोहन्या. उद्यावर ठेवलं का सुकलंच."

शेवटी सगळं जुळलं. टर्बोला तेल देणारी बारीक नळी बसली, धुराचा जाड पाइप बसला, आणि काकूंनी किल्ली फिरवली. आधी गाडी नेहमीसारखी खोकली. मग पाय दाबला तशी आतून बारीक शीळ आली, चढत चढत गेली, आणि आम्ही दोघं लहान पोरांसारखे ओरडलो. गल्लीत गाडी दावं तोडलेल्या कालवडीसारखी पळाली. दोन कोंबड्या जेमतेम वाचल्या.

पैजेच्या दिवशी पुलाच्या पायथ्याशी अर्धं गाव जमलं. गाडीत कारल्यांची, भोपळ्यांची पोती भरलेली. गजानन हाताची घडी घालून उभा. काकूंनी सवयीप्रमाणे बॉनेट उघडून पान्याने एकेक जोड वाजवला. टण्. टण्. आणि मग थद्द.

टर्बो ज्याला लटकला होता त्या धुराच्या पाइपाचा जोड केसाएवढा तडकला होता. मी कानाशी लागलो, "काकू, चढ कितीसा आहे? तेवढं निघून जाईल. कोणाले समजते?"

"पोकळ भोपळा म्या कवा गिऱ्हाइकाले नाई देल्ला. पोटच्या पोराले देऊ?" आणि त्यांनी किल्ली गजाननच्या हातावर ठेवली.

माल टेम्पोतून गेला. काकू पायी घरी गेल्या. मला रडू आलं, सांगायला लाज कसली?

दोन-तीन दिवसांनी सकाळी ती गाडी हळूहळू माझ्या दारात आली. आत गजानन. "मोहनभाऊ, आई जेवून नाई राह्यली. घरातले डबे वाजवून राह्यली नुसते." मग त्याने बॉनेट उघडलं. "मले एक सांगा. हे एवढं जड लटकून राह्यलं अन् खालून टेका नाई? मांडवावरच्या भोपळ्याले आई झोळी बांधते, नाई तं देठ तुटते. इथं काऊन नाई बांधली?"

मी कपाळावर हात मारला. जन्मभर झोळ्या बांधणाऱ्या काकूंना सुचलं नव्हतं, मला तर सुचणारच नव्हतं! जोड नव्याने भरला आणि गेटच्या पट्टीची लोखंडी झोळी टर्बोखाली ठोकून बसवली. गजानन घामाघूम होऊन धरून उभा होता. इंजिन सुरू केलं, शीळ घुमली तसा तो म्हणाला, "आखीन एक डाव दाबा ना, भाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोती भरलेल्या गाडीतून गजानन आईला दुकानात घेऊन आला. काकूंनी झोळी पाहिली, वाजवली. टण्. "कोणं बांधली?" मी गजाननकडे बोट दाखवलं. त्याने किल्ली पुढे केली.

या खेपेला बघायला कोणी नव्हतं. पोत्यांवर मी आणि गजानन, पुढे काकू. पायथ्याशीच तिसरा गिअर पडला. शीळ सुरू झाली. गाडीने तेव्हा जिथे मान टाकली होती ती जागा आली, शीळ आणखी बारीक झाली, वर गेली, आणि पैज लावणारा गजाननच छतावर थापा मारत ओरडत होता, "चढ माय, चढ!" चढली! पुलाच्या माथ्यावरून पुलगाव दिसलं आणि तेव्हा कुठे मला भान आलं.

"काकू, थांबवा! दुकान उघडं टाकून आलो मी."

"बाजार भरला असन. तिथंच उतरा."

त्या सकाळी मी पुलगावच्या बाजारात पोती उचलली आणि गजाननने तराजू धरला. एकीने विचारलं, हा कोण नवीन? काकूंनी त्याच्या कपाळावर पेर ठोकलं, कान तिरपा केला. "माहा पोरगा. पिकला आता."

आजही सकाळी ती शीळ माझ्या दुकानावरून जाते. मी कोणताही जोड वाजवल्याशिवाय बाहेर सोडत नाही, गिऱ्हाईक हसलं तरी. परवा काकू थांबल्या, तेव्हा मीच कपाळ पुढे केलं. त्यांनी ठोकलं. बराच वेळ ऐकलं.

"राहू दे आखीन वेलावर," म्हणाल्या आणि गिअर टाकला.