मिठागरावरून आलेला कोल्हा

लग्न होऊन मी मुलुंड पूर्वेला राहायला आले तेव्हा आमच्या बैठ्या चाळीच्या मागे फक्त तारेचं कुंपण होतं. पलीकडे मिठागरं, त्यापुढे तिवरांची झाडी आणि मग खाडी. माझं माहेर अंधेरीला, दुसऱ्या मजल्यावर. तिथे जनावर म्हणजे पाली आणि उंदीर. इथे दिवेलागणीला कोल्हे ओरडायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चिमटा टाकून स्वयंपाकघरातून बाहेर पळाले. नवरा हसला. म्हणाला, "अगं, खेकडे खाऊन जगतात ते. आपल्यालाच घाबरतात." ते खरंही होतं. एखाद्या पहाटे बांधावरून पिवळट करडा कोल्हा शेपूट खाली घालून जाताना दिसायचा. टाळी वाजवली तरी पळायचा.

सासूबाई मालवणकडच्या. सासरे गिरणीत होते, ते आजारपणात गेल्यावर त्यांनी मागच्या आवारात कोंबड्या पाळून, अंडी विकून घर चालवलं होतं. आता मुलगा नोकरीला लागला होता, मी घाटकोपरच्या एका ऑफिसात टायपिस्ट होते, तरी कोंबड्या होत्याच. आमचं दोघींचं फारसं जमत नव्हतं. भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. मी कपडे पिळले की त्या दोरीवरून काढून पुन्हा पिळायच्या, माझ्यासमोर.

थंडीचे दिवस होते, रविवार. नवरा मटण आणायला स्टेशनकडे गेला होता. सासूबाई मागे दगडावर गोधडी धूत होत्या. मी आत नारळ खोवत होते. आधी कोंबड्यांचा कालवा ऐकू आला, तो नेहमीचाच म्हणून मी उठले नाही. मग सासूबाईंचा आवाज आला. शब्द नव्हता त्यात. तसा आवाज मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मी दारात आले. कोल्हा त्यांच्या उजव्या हाताला लटकला होता. कोपराच्या खाली दात रुतवलेले, मागचे पाय जमिनीवर घसरत होते, आणि तो डोकं झटकत होता, कुत्रं चिंधी झटकतं तसं. सासूबाई डाव्या हाताच्या मुठीने त्याच्या नाकावर मारत होत्या. "सोड मेल्या! शिरा पडो तुझ्या तोंडार, सोड!" रक्त त्यांच्या मनगटावरून साबणाच्या पाण्यात पडत होतं आणि फेस गुलाबी झाला होता.

मला पळता आलं असतं. शेजारी ओरडून कुणाला बोलवता आलं असतं. मी दगडापाशी पडलेलं कपडे बडवायचं धोपाटणं उचललं आणि कोल्ह्याच्या पाठीत घातलं. फळीवर मारल्यासारखा आवाज झाला. त्याला काहीच झालं नाही. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुसरा घाव मी डोक्यावर घातला. तेव्हा त्याने हात सोडला आणि तो वळला.

त्याचं तोंड मी अजून विसरलेले नाही. खालचा जबडा लोंबत होता, लाळेच्या तारा छातीपर्यंत आलेल्या, डोळे लाल आणि कुठेच न बघणारे. पळायचं त्याच्या मनातच नव्हतं. तो सरळ माझ्यावर आला. निऱ्या त्याच्या तोंडात गेल्या, मी मागे पडले आणि तो माझ्या अंगावर होता. कुजलेल्या मासळीचा वास आला. मी मनगट पुढे केलं, त्यावर बांगड्या होत्या, त्या कचाकच फुटल्या. काच माझ्याच हातात घुसली आणि त्याची लाळ त्या जखमांवर सांडली.

तेवढ्यात माझ्यावर काळोख पडला. सासूबाईंनी ओली गोधडी त्याच्यावर टाकली होती आणि सगळं अंग टाकून त्या वर पडल्या होत्या. मी कशीबशी खालून सरकले. गोधडीखाली तो गुरगुरत वळवळत होता. सासूबाईंचा तो फाटलेला हात तसाच त्याच्यावर दाबलेला होता. "मार गो!" त्या ओरडल्या. "तेच्या डोक्यार मार!" पण डोकं कुठे होतं तेच कळत नव्हतं. मी मारत सुटले. एक घाव सासूबाईंच्या गुडघ्यावर बसला, त्या नुसत्या हुंकारल्या.

आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारा शेजारी तोवर मधल्या कुंपणावरून उडी मारून आला. पस्तिशीचा असेल. गिरण्यांच्या संपात नोकरी गेलेला, घरात बायको आणि दोन मुली. हातात लोखंडी पहार होती. गोधडी फाटून कोल्ह्याचं डोकं बाहेर आलं, तशी पहार मारायला जागाच राहिली नाही, कारण सासूबाई अगदी तिथेच होत्या. त्याने पहार टाकली, कोल्ह्याची मान मागून दोन्ही हातांनी पकडली आणि जमिनीवर दाबली. "वहिनी, आता हाणा," तो म्हणाला. "माझ्या हाताकडे बघू नका. हाणा!"

मी हाणलं. कवटी फुटताना धोपाटण्यातून हाताला जे कळतं ते मला कळलं. पहिल्यांदा टणक लागतं, मग लागत नाही. मी थांबले नाही. शेजारी म्हणाला, "वहिनी, मेलाय." सासूबाई म्हणाल्या, "पुरे गो, मेलो तो." मला ऐकू येत होतं, पण मी मारत राहिले. खरं सांगायचं तर त्या वेळी मला भीती वाटत नव्हती. संताप होता, आणि तो फक्त कोल्ह्यावरचा नव्हता. शेवटी शेजाऱ्याने धोपाटणं माझ्या हातातून ओढून घेतलं.

तेव्हा दिसलं की त्याच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. मान धरताना दात लागला होता. "काय नाही ओ, खरचटलंय," तो म्हणाला आणि अंगठा आमच्याच बादलीत बुडवला.

चाळ जमली. कुणी हळद आणली, कुणी पोरांना हाकललं. "झकास काम केलंत वहिनी," एक जण म्हणाला. मी मोरीत जाऊन ओकले. नवरा मटणाची पिशवी घेऊन आला तेव्हा त्याची आई ओट्यावर हाताला पदर गुंडाळून बसली होती आणि बांधावर कोल्ह्याला रॉकेल टाकून जाळत होते. त्या वासानंतर मटण कुणाच्या घशाखाली उतरलं नसतं. पिशवी तशीच कुणाला तरी दिली.

म्युन्सिपालटीच्या हॉस्पिटलात सासूबाईंचा हात साबणाने घासून धुतला. हाड दिसत होतं. त्या दात आवळून बसल्या. डॉक्टर म्हणाले, "भर दिवसा कोल्हा आवारात शिरून माणसाला धरतो, म्हणजे पिसाळलेलाच. तिघांनीही रोज यायचं. एक दिवस चुकवायचा नाही." शेजाऱ्याने अंगठा पुढे केला. "मला पण? एवढ्याशाला?" "तुम्हाला पण," डॉक्टर म्हणाले.

ती इंजेक्शनं पोटात देत. बेंबीच्या भोवती, रोज नव्या जागी. जाड सुई, आणि नंतर लिंबाएवढी गाठ. झोपताना कूस बदलता येत नसे. त्या बाकड्यावर रांगेत बसून मी आणि सासूबाई पहिल्यांदा एकमेकींशी बोललो. त्यांनी मला त्यांच्या लग्नाचं सांगितलं, सासऱ्यांच्या खोकल्याचं सांगितलं. एकदा माझी पाळी आली आणि मी उठेचना, तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि सुई जाईपर्यंत सोडला नाही.

शेजारी दोन-तीनदाच आला. त्याच आठवड्यात त्याला अंधेरीच्या एका कारखान्यात वॉचमनचं काम मिळालं, दिवसपाळीचं. सासूबाई रोज सकाळी त्याच्या दारात उभ्या राहायच्या. "चल रे झिला, सुई घेवक जावया."

"काकी, नवीन नोकरी आहे. खाडा केला तर उद्या माझ्या जागी दुसरा उभा करतील. आणि हे बघा, अंगठा भरला पण."

"भरला तरी चल. डाक्तर काय म्हणालो तो आयकलंस ना?"

आतून त्याची बायको म्हणाली, "सुईनं ताप भरतो हो त्यांना. तापात दिवसभर गेटवर कसे उभे राहतील?" सासूबाई तिच्याशी भांडल्या, एकदा तर त्याचा शर्ट धरून ओढला. तो हसत हात सोडवून स्टेशनकडे गेला. माझ्या नवऱ्याने त्याला समजावलं, मीही समजावलं. पण जखम खरंच भरली होती, माणूस धडधाकट होता, आणि किती दिवस सांगणार?

शिमग्याला तो गावी जायचा होता. त्याच्या आधीच अंगठ्याला खाज सुटली. ओरबाडून ओरबाडून त्याने कातडं काढलं. मग ताप. एका दुपारी त्याची बायको आमच्या दाराशी आली. "काकी, ते चहा पीत नाहीयेत. बघा ना काय करतायत."

मी आणि सासूबाई धावलो. तो कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसला होता. समोर कप. त्याला प्यायचा होता, घसा कोरडा पडला होता, ते दिसत होतं. त्याने कप उचलला, ओठांजवळ आणला, आणि त्याची मान एकदम आखडली. गळ्याच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या, छातीतून घुसमटलेला आवाज निघाला, आणि कप भिंतीवर जाऊन फुटला. बायकोने त्याला धरायला हात पुढे केला तर त्याचा फटका तिच्या तोंडावर बसला. तिचा ओठ फुटला. मुली किंचाळायला लागल्या. मग झटका ओसरला आणि तो अगदी शहाण्यासारखा बोलला. "काकी, पंखा बंद करा. वारा लागतो मला. आणि पोरींना बाहेर न्या."

सासूबाईंनी पंखा बंद केला आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या. "झिला," एवढंच म्हणाल्या. तो त्यांच्या त्या हाताकडे बघत होता, जिथे दातांचे लाल व्रण राहिले होते.

माझ्या नवऱ्याने आणि चाळीतल्या तिघांनी त्याला चादरीत गुंडाळून टॅक्सीत घातलं. चादर बांधायला त्यानेच सांगितलं. "घट्ट बांधा," म्हणाला, "मी कुणाला काही केलं तर?" वाटेत टॅक्सीच्या खिडकीतून वारा आला तेव्हा तो इतका उसळला की नवऱ्याचं बोट पिरगळलं. दोन दिवसांत तो हॉस्पिटलातच वारला. बायकोला शेवटी आत सोडलं नाही.

तेरावं झाल्यावर ती आमच्या मागच्या आवारात आली. हातात तिच्या नवऱ्याची पहार होती. तिने कोंबड्यांच्या खुराड्यावर पहिला घाव घातला. फळ्या फुटल्या, कोंबड्या उडाल्या, एक तिथेच चेंगरली. "ह्यांच्यापायी!" ती ओरडत होती. "ह्या तुमच्या कोंबड्यांपायी आला तो कोल्हा! अंड्यांपायी माझा माणूस घेतलात!" मी तिला आवरायला पुढे झाले, तर सासूबाईंनी मला मागे ओढलं. खुराडं संपलं तेव्हा तिने पहार टाकली आणि सासूबाईंना मारायला लागली. मुठींनी, खांद्यावर, छातीवर, त्या दुखऱ्या हातावर. सासूबाई उभ्याच होत्या. हात वर केला नाही, तोंड फिरवलं नाही. मी बघत राहिले. तिचे हात थकले तेव्हा ती खाली बसली, आणि सासूबाई तिच्या शेजारी बसल्या.

ती चाळ सोडून मुलींना घेऊन गावी गेली. निघाली त्या दिवशी सासूबाईंनी न विचारता तिची ट्रंक एका बाजूने उचलली, दुसऱ्या बाजूने मी. एस.टी.च्या स्टँडवर ती आमच्याशी बोलली नाही. पण ट्रंक टपावर बांधायला ती शिडीवर चढली तेव्हा धाकटी मुलगी तिने सासूबाईंच्या मांडीवर दिली. पोर त्यांच्या हातावरच्या व्रणांवर बोट फिरवत होती. बस निघायला लागली तशी तिने खिडकीतून हात बाहेर काढून मुलगी मागून घेतली.

घरी येताना सासूबाई माझ्या पुढे चालत होत्या. स्टेशनच्या पुलाच्या मधल्या पायरीवर त्या अचानक खाली बसल्या. "माझ्यापायी गेलो तो," म्हणाल्या. मी त्यांना तसं नाही म्हणून सांगणार होते, पण मला तेही खरं वाटत नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसले. लोक आम्हाला वळसा घालून, चिडून, वरखाली जात राहिले.