बंद पाकिटातली शिफारस

धम्मशीला माझ्या दारात आली तेव्हा तिनं आधीच स्वच्छ असलेले बूट पायपुसण्यावर तीनदा घासले आणि विचारलं, "अलकाताई, तुम्ही फॉर्म भरून देता ना?" नॉटिंगहॅममधल्या आपल्या माणसांत माझी तेवढीच ख्याती आहे. कुणाचा व्हिसा, कुणाचा कौन्सिल टॅक्स, कुणाची शाळा. माझ्या हाताला गुण आहे म्हणतात. जिभेबद्दल काय म्हणतात ते मला माहीत आहे.

बाई त्रेचाळीस वर्षांची, इथं येऊन चौदा वर्षं झालेली. नवरा, प्रमोद, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होता. कोरोनाच्या दुसऱ्या हिवाळ्यात गेला. मुलगी ऋचा एडिनबराला शिकते आणि रविवारी फोन करते. "मागच्या रविवारी बावीस मिनिटं बोललो," धम्मशीला म्हणाली. मिनिटं पाठ असलेल्या माणसाशी काय बोलावं ते मला कधीच सुचत नाही. मी चहा टाकला.

ती हॉस्पिटलात कामाला आहे असं विहारात सगळ्यांना ठाऊक होतं. विहार म्हणजे आम्ही रविवारच्या वंदनेसाठी भाड्यानं घेतो तो कम्युनिटी हॉल. पण ते खोटं होतं. ती जनावरांच्या दवाखान्यात संध्याकाळी साफसफाई करायची. काम सातला संपे, पण तिचा पाय तिथून निघत नसे. ऑपरेशन झालेली कुत्री-मांजरं भूल उतरताना पिंजऱ्यात कण्हतात, थरथरतात. ही आपली जाळीतून हात घालून शेजारी बसून राही. घरी जाऊन कुणाशेजारी बसणार होती?

तिथल्या डॉक्टरणीनं हे पाहिलं होतं. तिनं सांगितलं, प्राण्यांच्या देखभालीचा वर्षभराचा कोर्स कर, मी तुला पगारी ट्रेनी म्हणून घेते. कोर्सची फी तेवढी तुझी तू उभी कर. सप्टेंबरपर्यंत नाही जमली तर मला दुसरं कुणी बघावं लागेल.

फी उभी करायला आम्ही बसलो ते मार्चमध्ये. एका ठिकाणी पंचवीस वर्षांखालचे हवे होते. दुसऱ्या ठिकाणी बेकार हवे होते, आणि ही फरशी पुसते म्हणून बेकार नव्हती. तिसऱ्या ठिकाणी म्हणे अर्जदार शेतकरी कुटुंबातला असावा. मी चिडून लॅपटॉप मिटायची. धम्मशीला म्हणायची, "ताई, राहू द्या, तुम्हाला त्रास." तिच्या या "राहू द्या"चा मला फार राग यायचा. आयुष्यभर तिनं बहुतेक तेवढंच म्हटलं असावं.

शेवटी एक छोटा ट्रस्ट सापडला. कुणा घोडेप्रेमी बाईनं मरताना ठेवलेला पैसा, वय मोठं झाल्यावर प्राण्यांच्या कामात शिरणाऱ्यांसाठी. अट एकच अडचणीची होती: पाच वर्षं ओळखणाऱ्या, नात्यात नसलेल्या, समाजात मान असलेल्या माणसाचं शिफारसपत्र. धम्मशीलाला असा माणूस एकच माहीत होता, कडूबाकाका. एकोणऐंशी वर्षांचे, बस डेपोतून रिटायर झालेले, विहाराचे अध्यक्ष. प्रमोदच्या मागे तिच्या घरी तांदळाची पिशवी घेऊन गेलेला माणूस तोच. मी म्हटलं, मग जा आणि माग.

ती गेली आणि पाकीट घेऊन आली. पाकीट चिकटवलेलं, वर झडपेवरून आडवी सही. मोठ्या माणसानं चिकटवलेलं पाकीट फोडायचं नाही ही आपली शिस्त. इंग्लंडात तीस वर्षं राहूनही माझ्या अंगातून ती गेलेली नाही. मी ते तसंच अर्जाला जोडून पोस्टात टाकलं. दुसऱ्याच्या फॉर्ममधला स्वल्पविराम तपासणारी मी, पण ते एक पान मी वाचलं नाही.

तीन आठवड्यांनी ट्रस्टचं उत्तर आलं, अगदी गोड इंग्रजीत. आपल्या शिफारसपत्रात आपण वृद्ध रुग्णांच्या शुश्रूषेचं शिक्षण घेणार असल्याचं म्हटलं आहे. आमचा निधी प्राण्यांच्या कामासाठी आहे. काही गैरसमज असल्यास नवं पत्र शुक्रवारपर्यंत पाठवावं.

मी तिच्याकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

"काकांना काय सांगितलंस?"

"म्हाताऱ्या माणसांच्या नर्सिंगचा कोर्स म्हणून सांगितलं."

"का?"

"ताई, त्यांच्या वडिलांचं माहीत आहे ना तुम्हाला?"

माहीत होतं. दर चौदा ऑक्टोबरला काका ते सांगतात. जालन्याकडच्या त्यांच्या गावात मेलेली ढोरं ओढायचं काम वडिलांच्या गळ्यात जन्मानंच पडलेलं. छपन्न साली दीक्षा घेतली आणि वडिलांनी ढोरं ओढायचा तो दोर विहिरीत टाकला. काका तेव्हा अकरा वर्षांचे. अशा माणसासमोर जाऊन मला जनावरांचं काम करायचंय म्हणायचं तिला धाडस झालं नाही. मला तिची चीड आली आणि तिची कीवही आली. त्याच संध्याकाळी तिला घेऊन मी काकांकडे गेले.

काका एकटेच राहतात. हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली काकूंचा. दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. तो उचलून आम्हाला बसवलं, काका स्वतः स्टुलावर टेकले, तेव्हा कळलं, इथंही बरेच दिवस दुसरं कुणी बसलेलं नाही.

जय भीम झालं. धम्मशीलानं सगळं एका दमात सांगून टाकलं. हॉस्पिटल नाही, व्हेटकडे आहे, क्लीनर आहे, आणि कोर्स जनावरांचा आहे.

"माझ्या लेटरहेडवर खोटं लिहवून घेतलंस तू," काका म्हणाले. "आणि तेही कशासाठी? आमच्या बापजाद्यांनी जे टाकलं, ते तू अप्लाय करून मागतेस?"

"सॉरी, काका."

"सॉरीनं काय होतं? मी नाही लिहिणार."

माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं, पण धम्मशीला आधी बोलली. तिचा आवाज मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता.

"काका, एक ग्रेहाउंड कुत्री आहे तिथं, म्हातारी. पाय कापावा लागला तिचा. भूल उतरताना तिला कळेना आपण कुठं आहोत. मी हात ठेवला तर गप्प झाली. अर्धा तास हाताखालून हलली नाही." ती थांबली. "प्रमोदना व्हेंटिलेटरवरून काढलं तेव्हा दोन तास शुद्ध होती. नर्सनं नंतर सांगितलं, दाराकडे बघत होते. मला आत सोडलं नाही. कुणाचाच हात नव्हता, काका. मला दुसरं काही येत नाही. एवढं एक येतं."

तिनं हे मलाही सांगितलं नव्हतं. मार्चपासून माझ्या टेबलाशी बसत होती, आणि मी तिला पोस्टकोड विचारत होते. मला माझीच लाज वाटली.

काका उठले, खिडकीपाशी गेले.

"मेलेलं ओढावं लागतं का?"

"नाही. जिवंत असतात."

"पगार देतात?"

"देतात. स्लिप मिळते."

"आणि तुला कुणी लावलं हे काम?"

"कुणी नाही. मीच मागतेय."

त्यांनी लेटरहेड काढलं. लिहायला जवळजवळ तासभर लागला. हात कापतो त्यांचा. या वेळी पाकीट उघडंच माझ्या हातात दिलं. "वाचा," म्हणाले. चारच ओळी होत्या. माझ्या वडिलांकडून मेलेली जनावरं ओढवून घेतली गेली, विनापगार, जन्माच्या नावाखाली. ही बाई जिवंत जनावरांना सांभाळायला मागते आहे, पगारावर आणि स्वतःच्या मर्जीनं. या दोन कामांमधलं अंतर कापण्यात माझं सगळं आयुष्य गेलं आहे. कृपया तिला मदत करा.

पत्र शुक्रवारच्या आत पोचलं. जुलैच्या शेवटी मंजुरी आली. धम्मशीलानं ते पत्र माझ्या टेबलावर सपाट करून ठेवलं आणि ऋचाला फोन लावला. व्हॉइसमेल. थोडा वेळ ती फोन हातात घेऊन नुसती बसली. तिच्याकडे लावायला दुसरा नंबर नव्हता. मग म्हणाली, काकांना लावू का, आणि स्पीकरवर लावला.

"बरं झालं," काका म्हणाले. "सुरू कधी?"

"आठ सप्टेंबरला, काका. सोमवारी."

"मंगळवारी सुट्टी मिळेल का?"

"कोर्स सोमवारी आणि गुरुवारीच आहे. का?"

काकांचा आवाज एकदम खाली आला.

"हर्नियाचं ऑपरेशन आहे माझं. घरी न्यायला कुणी आहे का, असं विचारतात हॉस्पिटलवाले. पुतण्या येईल म्हणून सांगून टाकलं मी. पुतण्या जालन्याला आहे." ते खाकरले. "न्यायला टॅक्सी मिळते गं. मला फक्त जाग येईल तेव्हा…"

धम्मशीलानं माझं पेन उचललं आणि मंजुरीच्या पत्रामागेच लिहायला घेतलं.

"वॉर्ड कुठला, काका? आणि आत किती वाजता नेणार?"

"दहाला."

"मग मी आठलाच येते," ती म्हणाली. "झोपवतानाही कुणीतरी लागतं."