पडायला शिकवणारी आत्या

माझा भाचा टीव्हीवर अकरा दिवस होता. त्यातले दहा दिवस तो पैलवान होता. अकराव्या दिवशी, मालिकेत धाकट्या दिराचं काम करणाऱ्या एका सडपातळ नटानं त्याला चिखलात उताणा पाडला आणि दोन जिल्ह्यांत माझ्या घराची अब्रू गेली.

भाचा शिरूर अनंतपाळजवळच्या खेड्यातला, माझ्या भावाचा मुलगा. अब्रू माझ्या घराची जायचं कारण असं की त्या रिॲलिटी शोमध्ये शिरताना त्यानं छाती फुगवून सांगितलं होतं, "मी माझ्या मामांच्या तालमीत तयार झालो." आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. मामा म्हणजे आमचे हे. रेल्वेतून निवृत्त झालेले, मुदखेडला तालीम चालवणारे, सगळ्यांचे वस्ताद. त्या तालमीत भाचा आयुष्यात दोनदा गेला होता, दोन्ही वेळा मामांना जेवायला बोलवायला. अंगानं थोराड होता, लातूरच्या डाळ मिलमध्ये पोती उचलून दंड बरे झाले होते आणि खांद्यावर मोटारसायकल घेऊन काढलेला त्याचा व्हिडिओ लोकांनी पाहिला होता. तेवढ्या भांडवलावर तो पैलवान झाला. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

आता वस्तादांच्या पाठीविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मातीतल्या कुस्तीत पाठ लागली की माणूस हरला. आमच्या ह्यांची पाठ भर मैदानात कधीच लागली नाही. काही कुस्त्या बरोबरीत सुटल्या, पण चितपट त्यांना कुणी केलं नाही, आणि नांदेडपासून उदगीरपर्यंतच्या म्हाताऱ्यांना हे आपल्या लेकरांच्या वाढदिवसापेक्षा पक्कं पाठ आहे. ह्यांनी ते फार मनावर घेतलं होतं. घरातसुद्धा कुशीवर झोपत. एकदा ईसीजी काढायला नेलं, तर उताणं झोपायच्या आधी कंपाउंडरला म्हणाले, "दार लावून घे." अशा माणसाचं नाव सांगून पोरगा अख्ख्या महाराष्ट्रासमोर चिखलात उताणा पडला होता.

शोमधून बाहेर पडल्यावर महिन्याभरात तो पिशवी घेऊन आमच्याकडे आला. मी दारातच तोंड सोडलं. मी चोवीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय, मला आवाज चढवायला कारण लागत नाही. तो पिशवी घेऊन आत आला आणि स्वयंपाकघरात पाटावर बसून रडला. गावात त्याला बघितलं की पोरं रस्त्यातच धाडकन उताणी पडत होती. किराणा दुकानात गेला तर दुकानाच्या पायरीवर दोन पडलेली. देवळात गेला तर आवारात पाच. मिलची नोकरी शोसाठी सोडली होती, तिथे परत जायला तोंड नव्हतं. सव्वीस वर्षांचा बाप्या म्हणत होता, "आत्या, मला एकदा तरी खरं काहीतरी होऊ दे." मला हसू येत होतं आणि त्याच वेळी मी त्याच्यापुढे जेवणाचं ताट सरकवत होते.

त्याच्याकडे एक आशा होती. कुणीतरी नवीन कंपनी काढत होतं, परदेशातल्यासारखी व्यावसायिक कुस्तीची. दोऱ्यांचं रिंगण, झगमग कपडे, मुखवटे, आरडाओरडा. त्यांना लोकांच्या ओळखीचा चेहरा हवा होता आणि भाच्याचा चेहरा, कशानं का असेना, ओळखीचा झाला होता. अडीच महिन्यांनी लातूरला निवड चाचणी होती. आपला जोडीदार आपणच आणायचा आणि पाच मिनिटांची कुस्ती करून दाखवायची. कोण जिंकणार ते आधी ठरवायचं.

ह्यांनी ऐकून घेतलं आणि एकच शब्द बोलले. "नूरा."

ठरवून केलेल्या कुस्तीला नूरा म्हणतात, आणि तालमीत ह्याहून घाण शिवी नाही. एकदा नूरा खेळला असं कळलं की त्या पैलवानाची जत्रेत पुन्हा कुणी जोड लावत नाही. त्याच्या वस्तादाकडेही लोक तिरक्या नजरेनं बघतात.

"मामा, मग खरी कुस्ती शिकवा," भाचा म्हणाला. "अडीच महिन्यांत."

"अडीच महिन्यांत म्हैसबी वीत न्हाई रे," हे म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला उठवून तालमीत घेऊन गेले.

सकाळी तो लाल मातीत बैठका मारायचा आणि ह्यांच्या शिव्या खायचा. पण चाचणीला लागत होतं ते वेगळंच. तिथे पाठीवर पडता यायला हवं, तेही सुंदर, मोठा आवाज करून, हाड न मोडता. हे शिकवायला ह्यांनी साफ नकार दिला. "पाठ टेकवायला वस्ताद कायला लागतो? झोप की खाटेवर."

मग ते मी शिकवलं. आता कबूल करायला हरकत नाही, मुलं लहान असताना त्यांच्याबरोबर मी टीव्हीवर ती परदेशी कुस्ती वर्षानुवर्षं पाहिली. मुलं मोठी होऊन सोडून गेली तरी मी बघत राहिले. हे खोलीतून उठून जायचे आणि मी आवाज कमी करून बघायची. कोण कधी पडणार, पडताना हनुवटी छातीला कशी लावायची, दोन्ही तळहात कसे सपकन आपटायचे, हे मला तोंडपाठ होतं. संध्याकाळी गच्चीवर घरातल्या साऱ्या गाद्या अंथरायच्या आणि भाच्याला पाडायचं. "हनुवटी आत. हात बाहेर. पुन्हा." शेजारीण वाळवण काढायला आली की तो सूर्यनमस्कार घालायचा.

त्याला पडायला येईना. तेवढ्यात दुसरंच कामही त्यानं काढलं. ह्या कुस्तीत प्रत्येकाला एक सोंग घ्यावं लागतं म्हणे. ह्यानं ठरवलं, आपण लातूरचा 'डाळसम्राट'. खांद्यावर पोतं घेऊन रिंगणात यायचं आणि मूठभर तूरडाळ प्रतिस्पर्ध्यावर उधळायची. मी म्हटलं, अन्नाची नासाडी माझ्या घरात चालणार नाही. मग त्यानं पोत्यात कापूस भरला आणि उधळायला भुसा घेतला. पडायची बोंब होती, पण रिंगणात यायचं त्याला उत्तम जमलं. पंधरा दिवस तो गच्चीच्या दारातून नुसता येत राहिला.

जोडीदार मिळायचा घोर वेगळाच. तालमीतला एकही पोरगा मुद्दाम हरायला तयार नव्हता. मुद्दाम जिंकायलाही नव्हता. शेवटी एसटीच्या कार्यशाळेत कामाला असलेला एकजण, मुखवटा घालायच्या अटीवर, हो म्हणाला. सगळ्यात भरवशाचा पोरगा होता.

चाचणी लातूरच्या एका मंगल कार्यालयात होती. जिथे नवरा-नवरी बसतात त्या स्टेजवर दोऱ्यांचं रिंगण बांधलेलं, आणि मागे आदल्या दिवशीच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं तशीच. समोर कोचिंग क्लासची दोन-अडीचशे पोरं, कारण आत यायला फुकट आणि पंखे चालू. हे यायला तयारच नव्हते. मी म्हटलं, बस बदलावी लागते, मला एकटीला गाद्या उचलवणार नाहीत. गाद्या बसच्या टपावर नाहीत, त्या न्यायच्याच नव्हत्या, हे त्यांना अहमदपूरला बस बदलताना कळलं.

आत गेल्यावर भलतंच झालं. लातूरचे जुने पैलवान कुणीतरी बोलावून पहिल्या रांगेत बसवले होते. त्यांनी ह्यांना ओळखलं. मिनिटभरात फेटा आला, हार आला, हे मधल्या खुर्चीत. शेजारी त्यांचा जुना जोडीदार, ज्याच्याशी ह्यांची कुस्ती कधीकाळी पाऊण तास चालून बरोबरीत सुटली होती. तो क्लासच्या पोरांना मागे वळून सांगून राहिला, "ह्या माणसाची पाठ कुणी बघितली न्हाई." पोरं आदरानं ह्यांच्या पाठीकडे बघत होती.

आणि भाच्याचा नंबर पुकारला तेव्हा एसटीतल्या त्या जोडीदाराचा निरोप आला. तो येत नव्हता. घरच्यांनी अडवलं होतं, पुढे जत्रेत जोड कोण लावणार म्हणून. भरवशाच्या म्हशीला टोणगा.

भाचा रिंगणात उभा, अंगावर सोनेरी चड्डी, खांद्यावर कापसाचं पोतं. कंपनीचा माणूस घड्याळ बघत म्हणाला, "जोडीदार नसेल तर खाली उतरा, पुढचा येऊ द्या." पोरांतलं कुणीतरी ओरडलं, "पड रे," आणि दोघं-तिघं खुर्च्यांमधल्या वाटेत उताणी पडली. भाच्यानं माझ्याकडे बघितलं. मी चोवीस वर्षांत नापास झालेली पुष्कळ लेकरं पाहिली आहेत, पण असं तोंड मी पाहिलं नव्हतं.

ह्यांनी फेटा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. हार काढला. सदरा काढून घडी घातली, तीही माझ्याकडे दिली. मी हात धरला. म्हटलं, "अहो, तालीम आहे तुमची." त्यांनी तो सोडवून घेतला. दोऱ्या ओलांडायला त्यांना वेळ लागला, गुडघा दुखतो.

"उचल," ते भाच्याला म्हणाले.

"न्हाई मामा."

"उचल म्हणतो न."

भाच्यानं हात घातले. पण सवयीनं पाय रोवून उभा राहिलेला नव्वद किलोंच्या वरचा पैलवान म्हणजे काही मोटारसायकल नव्हे, तो त्याच्यानं कुठला हलतोय. तो लाल झाला, गुरगुरला, हे जागचे हलले नाहीत. मग आमचे हे, बासष्ट वर्षांचे, स्वतःच उडी मारून त्याच्या खांद्यावर चढले. वरून त्याच्या कानात काहीतरी म्हणाले. आणि पडले. हनुवटी छातीला लावलेली, दोन्ही तळहात सपकन आपटलेले, कार्यालय दणाणून गेलं. मला तेव्हा कळलं की संध्याकाळी हे जिन्यात उभे राहून बघत असायचे.

पंचानं तीन आकडे मोजले. ते सावकाश मोजतात. हे तेवढा वेळ छताकडे बघत पडून राहिले. पहिल्या रांगेतले म्हातारे उठून उभे राहिले होते आणि त्या जुन्या जोडीदारानं टोपी काढून हातात घेतली होती. मला रडू फुटलं. मागची क्लासची पोरं मात्र शिट्ट्या मारत होती, कारण एवढं सुंदर पडणं त्यांनी पाहिलं नव्हतं.

कंपनीच्या माणसानंही पाहिलं नव्हतं. तो धावत आमच्याकडे आला. भाच्याला म्हणाला, तुझं नंतर कळवतो, आणि ह्यांच्यापुढे वाकून विचारू लागला, "बाबा, दर आठवड्याला असं पडाल का? लोक रडतायत. गाडी घरी येईल." ह्यांनी सदऱ्याची बटणं लावली आणि बस किती वाजता आहे ते मला विचारलं.

भाच्याला अजूनपर्यंत कुणी काही कळवलेलं नाही. बसमध्ये तो मागच्या बाकावर पोतं कवटाळून बसला होता. अहमदपूर मागे पडल्यावर हे खिडकीकडे बघत मला म्हणाले, "हनुवटी बरोबर होती का?" मी म्हटलं, "जरा उशिरा घेतलीत." त्यांनी मान हलवली.

पडण्याचा तो व्हिडिओ आमच्याआधी मुदखेडला पोचला होता. तालमीतली दोन पोरं त्या आठवड्यात यायची बंद झाली. ह्यांनी त्यांची चौकशी केली नाही.

चैत्रात भाच्याच्या गावची जत्रा असते आणि कुस्त्यांना हे दर साली पंच असतात. यंदा बोलावणं येतंय की नाही ह्याची मला धास्ती होती. ते आलं. हलगी वाजत होती, माणसं गोल करून बसली होती, आणि निवेदकानं सवयीनं सुरुवात केली, "ज्यांची पाठ आजवर..." आणि तो थांबला. सगळेच थांबले, हलगीसुद्धा. लोक एकमेकांकडे बघू लागले.

हे कधी माईक धरत नाहीत. त्या दिवशी त्यांनी तो मागून घेतला. "लागली," ते म्हणाले. "लातूरला लागली. ह्याच गावच्या पोरानं लावली. तो काय, लिंबाखाली उभा हाय."

एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्यांना खोटं बोलताना पहिल्यांदा ऐकलं, तेही माईकवर.

त्याचा परिणाम लगेच झाला. वस्तादाला पाडलेला पैलवान म्हटल्यावर उदगीरकडचा एक दणकट गडी उठला आणि सरळ लिंबाखाली जाऊन भाच्यापुढे हात केला. जोड मागितली. भाच्यानं माझ्याकडे बघितलं. मला ह्यांचा असा राग आला होता की मी मान फिरवली. परत बघते तर पोरगा कुणाचा तरी लंगोट मागून मातीत उतरलेला.

पोतं नाही, भुसा नाही, सोनेरी चड्डी नाही. एकदा तो पोटावर पडला आणि वाचला. दुसऱ्यांदाही कसाबसा वळला, तेव्हा हे बसल्या जागेवरून अर्धे उठले होते. तिसऱ्यांदा गड्यानं त्याला कमरेतून उचललं आणि पाठ लावली. हनुवटी आत घ्यायचं पोरगा साफ विसरला, तळहातही आपटले नाहीत. मी शिकवलेलं काहीच त्याला आठवलं नाही.

तो उठून ह्यांच्या पाया पडायला आला. ह्यांनी त्याला पाठमोरा वळवला, खांद्यावरच्या पंच्यानं त्याच्या पाठीची माती झटकली आणि आपल्या शेजारी सतरंजीवर बसवून घेतलं. त्या सतरंजीवर पैलवानांशिवाय दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत.